हाफकिन संस्था : परळच्या आवारातील सव्वाशे वर्षे

मुंबईच्या परळ भागात, आचार्य दोंदे मार्गावर, वाहनांच्या अखंड गलबल्यापासून थोडी आत सरलेली जी जुनी, रुंद भिंतींची इमारत उभी आहे, तिच्या इतिहासाचे थर उकलू लागले म्हणजे एकाच वास्तूच्या नशिबी किती निरनिराळी आयुष्ये यावीत याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. पोर्तुगीज अमदानीत येथे ख्रिस्ती पाद्र्यांचा मठ व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे येथे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान झाले आणि प्रार्थनामंदिराच्या जागी मेजवान्यांचा दिवाणखाना सजला. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे येथे पटकीने निधन झाले, आणि त्यानंतर गव्हर्नरांचे बिऱ्हाड परळातून कायमचे हलून मलबार टेकडीवर गेले. रोगाच्या भयाने ओस पडलेल्या या वास्तूत १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते ‘प्लेग संशोधन प्रयोगशाळा’ उघडण्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

या सव्वाशे वर्षांच्या कार्याचा समग्र वृत्तांत एका लेखात आणणे शक्य नाही. सर्पविषावरील प्रतिविष, अलर्करोगावरील लस, पोलिओचे थेंब, औषधांची तपासणी यांपैकी प्रत्येकास स्वतंत्र प्रकरण हवे. प्रस्तुत लेखकाने म्हणून एकच धागा हाती धरला आहे : प्राण्यांच्या शरीरात वसणाऱ्या आणि कीटकांच्या द्वारे मनुष्यास जडणाऱ्या रोगांचा. संस्थेचा जन्मच अशा एका रोगाच्या पोटी झाला. लोकांच्या स्मरणात ती राहिली ती लसीमुळे, आणि ते रास्तच आहे. तथापि उंदीर मरतो, त्याच्या अंगावरील भुकेलेली पिसू माणसावर येते आणि माणसाच्या जांघेत गाठ उठते, ही साखळी दुव्यादुव्याने जोडून दाखविण्याचे जे काम १९०५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत परळच्या आवारात झाले, ते आमच्या मते लसीहूनही मोठे होय. लस टोचून घेणाऱ्याचे रक्षण करते. या शोधाने, ज्यांच्या गावापर्यंत लसीची कुपी कधी पोहोचलीच नाही, त्यांनाही आपले घर कसे राखावे हे सांगितले.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदरालगतच्या दाट वस्तीत, धान्याच्या वखारींच्या शेजारी, तापाने फणफणून आणि काखेत-जांघेत गाठी येऊन माणसे तीन-चार दिवसांत दगावू लागली. मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासियु गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा ग्रंथिक प्लेग आहे असे निःशंकपणे सांगितले, तेव्हा त्यांच्या निदानावर विश्वास ठेवण्यास पुष्कळजण राजी नव्हते; पण थोड्याच आठवड्यांत त्याची सत्यता शहराने आपल्या डोळ्यांनी पाहिली. गिरण्या ओस पडू लागल्या, स्थानकांवर झुंबड उडाली आणि माणसांबरोबर, त्यांच्या गाठोड्यांबरोबर, धान्याच्या पोत्यांबरोबर रोग इलाखाभर पसरला. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्यांना इस्पितळांत व त्यांच्या आप्तांना विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्यात येऊ लागले, सामानसुमान जाळण्यात आले, भिंतींवर व जमिनींवर जंतुनाशक द्रव शिंपडण्यात आले, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरविण्यात आली. पुण्यात या बंदोबस्ताची परिणती २२ जून १८९७ च्या रँडवधात कशी झाली ते महाराष्ट्रास सांगावयास नको. त्याच पुण्यात त्या वर्षीच्या १० मार्च रोजी, प्लेगच्या आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने, सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, हेही महाराष्ट्राने विसरता कामा नये.

हे सारे कडक उपाय ज्या समजुतीवर उभे होते, ती समजूतच अपुरी होती. रोग घाणीतून उपजतो, जमिनीत मुरतो, आजाऱ्याच्या श्वासातून व कपड्यांतून पसरतो, असा वैद्यकाचा त्या वेळचा कौल होता. यासाठी माणसाला घराबाहेर काढले गेले, जमीन धुतली गेली, आणि भिंतीतल्या बिळाकडे कोणी लक्ष दिले नाही. याउलट आपल्या खेड्यांतील अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती : ‘उंदीर पडले’ की गाव सोडावा. पहिला मेलेला उंदीर आढ्यावरून खाली पडला की कुटुंबेच्या कुटुंबे भांडीकुंडी घेऊन माळावर झोपड्या घालून राहत, आणि ऋतू पालटला म्हणजे परतत. ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग मराठीत तेव्हापासून जो रुजला तो आजही आमच्या आजी-पणजींच्या आठवणींत सापडतो. या लोकानुभवास शास्त्राची साक्ष मिळावयास आणखी दहा वर्षे लागावयाची होती.

दरम्यान वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले होते. १८६० साली ओडेसा येथे जन्मलेले हे यहुदी शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे शिष्य. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पटकीची लस सिद्ध करून ते १८९३ पासून हिंदुस्थानात ती टोचीत फिरत होते. १८९६ च्या ऑक्टोबरात सरकारने त्यांना मुंबईस धाडले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिच्यापुढील बोळ एवढी जागा, आणि एक कारकून व तीन शिपाई एवढा सरंजाम त्यांच्या हवाली करण्यात आला. काचेच्या चंबूंत मांसरसाचा द्रव भरून त्यावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांच्या खालच्या अंगास जंतूंची वाढ धरू लागे, आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे पांढुरके तंतू संथपणे द्रवात उतरत. चंबू हलविला की ते तळाशी बसत, आणि चार दिवसांनी नवे तंतू उतरू लागत. पुरेशी वाढ झाल्यावर तो द्रव तापवून जंतू मारीत, त्यात कार्बोलिक आम्लाचा अंश मिसळीत, आणि लस तयार होई. आपल्या घरातल्या देवघरात तेवणारे तूप येथे एका महारोगाच्या प्रतिकाराचे साधन झाले, ही गोष्ट मराठी वाचकास विशेष जवळची वाटावी.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, आणि तीही नंतर इतरांना देण्यात आली त्याच्या कित्येक पटींनी अधिक, म्हणजे दहा घन सेंटिमीटर. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, पण त्यांनी आपले काम सोडले नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील साधारण निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने टोचून घेतले. टोचलेल्यांत रोग क्वचित दिसला व मृत्यू झाला नाही, न टोचलेल्यांत मात्र माणसे दगावली. कैद्यांच्या या धैर्याची नोंद इतिहासाने पुरेशी घेतली नाही. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर कोरलेली नाहीत. पुढे लसीची मागणी वाढली तशी प्रयोगशाळा मलबार टेकडीवरील एका सरकारी बंगल्यात, तेथून तिसऱ्या आगाखानांनी देऊ केलेल्या ‘खुश्रू लॉज’ या हवेलीत आणि अखेर परळास आली. आपल्या अनुयायांचे भय घालविण्यासाठी आगाखानांनी त्यांच्यादेखत स्वतः टोचून घेतले होते. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या.

या यशाच्या मध्यावरच संस्थेच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रसंग घडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचून घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचले गेले होते. ही बाटली परळातच दूषित झाली, की गावात ती उघडताना झाली, या प्रश्नावर चौकशी बसली आणि दोषाचा ठपका प्रयोगशाळेवर, पर्यायाने हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून दूर व्हावे लागले. वास्तविक त्या दिवशी बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडून तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याची हकीकत कागदपत्रांत होती; परंतु तिचे महत्त्व मान्य व्हावयास पाच वर्षे लोटली. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रातून जाहीरपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कोठे त्यांच्यावरील किटाळ दूर झाले आणि ते पुन्हा हिंदुस्थानात, पण मुंबईस नव्हे, कलकत्त्यास रुजू झाले. ज्या मनुष्याने स्वतःच्या रक्तावर प्रयोग करून लाखो जीव वाचविले, त्याच्या वाट्यास त्याच देशात हा अन्याय आला याची खंत या संस्थेच्या प्रत्येक इतिहासकारास वाटत आली आहे, आणि ती वाटलीच पाहिजे.

आता मूळ धाग्याकडे वळू. उंदरापासून माणसास प्लेग कसा होतो याचे उत्तर प्रथम दिले ते पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने. प्लेगच्या कामासाठी तो मुंबईत होता. नंतर कराचीस गेला आणि १८९८ च्या जून महिन्यात तेथे त्याने आजारी उंदरावरील पिसवा निरोगी उंदरापर्यंत पोहोचतील, पण ते दोन प्राणी एकमेकांस शिवणार नाहीत, अशी रचना करून रोग एकातून दुसऱ्यात गेल्याचे दाखविले. त्या वेळी हिंदुस्थानात फिरत असलेल्या सरकारी प्लेग आयोगाने ही उपपत्ती विचारात घेण्याजोगी मानली नाही. सिमाँचे म्हणणे त्यामुळे काही वर्षे दप्तरात पडून राहिले. ते तेथून बाहेर काढून, त्याला मुंबईच्या चाळींत पुराव्याचे पाय देण्याचे श्रेय परळच्या प्रयोगशाळेतील कॅप्टन ग्लेन लिस्टन यांचे आहे.

लिस्टन यांनी प्रथम पिसवांची ओळख करून घेतली. कुत्र्यावरची पिसू निराळी, माणसावरची निराळी आणि उंदरावरची निराळी; मुंबईच्या उंदरांवर मुख्यत्वे जी पिसू वसते, तिला शास्त्रात पुढे ‘झेनॉप्सिला चिऑपिस’ हे नाव रूढ झाले. एरवी माणसांच्या अंगावर सापडलेल्या २४६ पिसवा त्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांत उंदरावरची पिसू अवघी एक निघाली. नंतर १९०३ च्या एप्रिलात एका चाळीत उंदीर मरू लागले. थोड्याच दिवसांत त्या चाळीतील रहिवाशांनी तक्रार केली की पिसवांनी खोल्यांत टिकू दिले नाही. आणि रात्री बिछाने उचलून माणसे व्हरांड्यात निजू लागली. मग त्यांच्यातच प्लेग दिसला. त्या वेळी तेथील माणसांच्या अंगावरून गोळा केलेल्या ३० पिसवांपैकी १४ उंदरावरच्या होत्या. त्याच सुमारास राणीच्या बागेतील प्राणिसंग्रहालयात गिनीपिग पटापट मेले. एरवी ज्यांच्या अंगावर पिसू सहसा आढळत नाही अशा त्या प्राण्यांवर उंदरांच्या पिसवा सापडल्या. यजमान मेला आणि थंड पडला की पिसू त्याला सोडते, भुकेली होते आणि जो उष्ण देह जवळ असेल त्यावर चढते, हा निष्कर्ष त्यांनी या निरीक्षणांतून काढला, आणि १९०४ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे उंदीर, पिसू व प्लेग या विषयावर व्याख्यान देऊन मांडला. बिछाना घेऊन व्हरांड्यात आलेल्या त्या नाव नसलेल्या बिऱ्हाडकरूंनी आपल्या तक्रारीतून शास्त्राला किती मोठा पुरावा पुरविला, याची त्यांना कल्पनाही नसेल.

१९०५ साली भारतमंत्री, लंडनची रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांच्या संयुक्त सल्लागार समितीच्या विद्यमाने प्लेगसंशोधनासाठी नवा कार्यकारी आयोग नेमला गेला आणि त्याचे ठाणे परळच्या याच आवारात बसले. लिस्टर संस्थेचे संचालक चार्ल्स मार्टिन आरंभी येथे येऊन गेले; मेजर जॉर्ज लॅम, लिस्टन, पेट्री, रोलंड हे त्याचे सदस्य, आणि डॉ. केशव पै, आवारी प्रभृती हिंदी सहकारी त्यांच्याबरोबर होते. या आयोगाचे अहवाल ‘जर्नल ऑफ हायजीन’ या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले आणि ते आजही वाचताना आदर वाटावा इतके काटेकोर आहेत.

आवारात लहान लहान सहा कोठड्या बांधण्यात आल्या, आकाराने सारख्या, परंतु छपरांनी भिन्न : दोहोंवर देशी कौले, दोहोंवर मंगळुरी कौले, दोहोंवर पत्रा. देशी कौलांत काळा घरउंदीर सुखाने घर करतो, पत्र्याखाली त्याला थारा मिळत नाही. म्हणजे कोठडीत पिसवांचा पाऊस किती पडेल हे छपरावरूनच ठरे. या कोठड्यांत आजारी व निरोगी गिनीपिग एकत्र सोडीत. जेथे पिसवा नव्हत्या, तेथे रोगी व निरोगी प्राणी एकाच जमिनीवर, एकाच अन्नात तोंड घालून, एकमेकांच्या मलमूत्रात लोळून राहिले, तरी निरोगी प्राणी निरोगीच राहिले. प्लेगने आजारी झालेल्या आईचे दूध पिणारी पिलेसुद्धा वाचली. त्याच ठिकाणी उंदरावरच्या पिसवा सोडल्या की साथ सुरू होई, आणि पिसवा जितक्या अधिक तितकी ती जलद पसरे.

याहून साधा, आणि म्हणून मनात अधिक ठसणारा प्रयोग टांगलेल्या पिंजऱ्यांचा. दूषित कोठडीत एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. दोहोंतील हवा एकच, वास एकच, उकाडा एकच. परंतु पिसू चार-पाच इंचांहून उंच उडी घेऊ शकत नाही. आणि दोन इंचांवरचा प्राणी मेला, दोन फुटांवरचा जगला. आणखी एका वेळी पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद जमिनीवर पसरला. त्या कागदावर दुसऱ्या दिवशी पिसवा अडकून पडलेल्या दिसल्या आणि आतला प्राणी सुरक्षित राहिला; शेजारच्या पिंजऱ्याभोवती तसा कागद नव्हता, तेथील प्राण्यास रोग झाला. हवेतून, जमिनीतून, स्पर्शातून रोग येतो अशी जी मते मोठमोठ्या अंमलदारांनी खलित्यांतून मांडली होती, त्यांचा निकाल या सहा इंचांच्या कागदाने लावला.

कोठडीतील सिद्धांत शहरात खरा ठरतो का, हे पाहणे बाकी होते. त्यासाठी शीव, वडाळा, परळ व वरळी या चार वस्त्यांत बारकाईने पाहणी झाली, आणि सबंध मुंबईतून पकडलेले व मेलेले उंदीर, कोणत्या घरी कोणत्या दिवशी मिळाले त्याच्या नोंदीसह, परळास आणून उघडून तपासण्यात आले. वर्षभरात लाखाहून अधिक उंदरांची अशी तपासणी झाली. त्यावरून दिसले ते असे : प्रथम गटारे व तळघरे यांत राहणाऱ्या भुऱ्या उंदरांत साथ उठते, तिच्यानंतर सुमारे दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि तीनंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत. हिवाळ्यापासून चैत्रापर्यंत पिसवा बहुसंख्य असतात, तेव्हाच रोग भर घेतो. उन्हाळा तापला की पिसवा घटतात आणि साथ ओसरते. आपल्या गावकऱ्यांचा ‘उंदीर पडले, घर सोडा’ हा नियम या आकड्यांनी अक्षरशः खरा ठरविला, कारण उंदीर पडल्यापासून माणूस आजारी पडेपर्यंत मध्ये जे दोन आठवडे मिळतात, तेच घर सोडून जाण्याचे दिवस होत. माणसातील ग्रंथिक प्लेग सर्वस्वी उंदरातील प्लेगावर अवलंबून आहे, असा आयोगाचा निवाडा झाला. पिसूच्या पोटाच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसून, भुकेने ती पुन्हापुन्हा चावे घेत दूषित रक्त जखमेत ओकते, ही पुढची उकल मार्टिन यांनीच बेकट यांच्या सहकार्याने १९१४ मध्ये लंडनला केली. तिची मुळे मात्र परळच्या कोठड्यांत होती.

या शोधाचे मोल समजण्यास एक आकडा पुरे. एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात प्लेगने मेलेल्यांची संख्या तेरा लाखांच्या घरात होती. धान्याची कोठारे उंदरांपासून सुरक्षित ठेवणे, घरांची बांधणी सुधारणे, उंदरांचा नायनाट करणे आणि साथीत वस्ती रिकामी करणे, ही दिशा धोरणास मिळाली ती यानंतर. धुण्या-जाळण्याचा जाच त्यामुळे कमी झाला, आणि सरकारी माणूस दारात आला की दडून बसणाऱ्या रयतेचा विश्वासही हळूहळू परत आला.

१९०६ साली संस्थेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे झाले आणि प्लेगच्या पलीकडील रोगांकडेही तिची दृष्टी वळली. पुढे संस्थेचे संचालक झालेले मॅकी यांनी १९०७ मध्ये नाशिकच्या एका मिशन वसाहतीत पुनरावर्ती ज्वराची साथ अभ्यासली. मुलींपेक्षा मुलांत रोग कितीतरी अधिक होता, आणि मुलांच्या कपड्यांत उवाही अधिक होत्या. उवा चिरून पाहता त्यांत रोगाचे सर्पिल जंतू सापडले, आणि हा ताप अंगावरील उवांतून पसरतो हे उघड झाले. डॉ. तुर्खुड यांनी त्यानंतर काही वर्षांनी, नारूची अळी पोटात वागविणारे सायक्लॉप्स हे सूक्ष्म जलचर पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेल्यास नारू होतो, हे प्रयोगाने दाखविले. ज्या पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाय बुडवून पाणी भरत, त्याच विहिरी नारूचे घर होत्या. पाणी फडक्याने गाळून प्यावे आणि विहिरीत उतरू नये, एवढ्या साध्या शिस्तीवर पुढे देशभर नारूनिर्मूलनाची मोहीम चालली, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

१९२५ मध्ये मॅकी यांच्या सूचनेवरून प्रयोगशाळेस तिच्या संस्थापकाचे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा युरोपात निवृत्त जीवन जगत होते. मुंबईतील कामात आयुष्यातील उत्तम वर्षे खर्ची पडल्याचे सांगून त्यांनी संस्थेस शुभेच्छा कळविल्या. १९३० मध्ये लोझान येथे ते निवर्तले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले आणि स्वातंत्र्यानंतरही काही काळ त्या पदावर राहिले. त्यांच्या कारकिर्दीत एक विलक्षण गोष्ट सप्रमाण नोंदली गेली : मुंबईच्या उंदरांना प्लेगचे जंतू टोचले असता त्यांतील पुष्कळ जगत, मद्रासचे उंदीर मात्र मरत, कारण मद्रासेस प्लेगचा फारसा शिरकाव झाला नव्हता. पिढ्यानुपिढ्या साथ सोसून जे उंदीर उरले, त्यांच्या संततीत प्रतिकारशक्ती उतरली होती. मुंबईत प्लेग ओसरला त्यात माणसाच्या उपायांचा वाटा किती आणि उंदराच्या या बदलाचा किती, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला, आणि संस्थेने तो प्रामाणिकपणे उभा केला हे तिला भूषणावह आहे. १९४० च्या सुमारास सल्फा औषधांची प्लेगवरील उपयुक्तता येथे अजमावण्यात आली. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आले, डीडीटी आली, आणि ज्या रोगाने इलाखा हादरला होता तो १९६६ नंतर बरीच वर्षे देशात दिसेनासा झाला.

१९७५ मध्ये लसनिर्मितीचे काम वेगळ्या महामंडळाकडे सोपवून संशोधन, प्रशिक्षण व चाचणी हे कार्य संस्थेकडे ठेवण्यात आले. या विभागणीचा परामर्श अन्य लेखकांनी घ्यावा.

प्लेग संपला असे मात्र कोणी समजू नये. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी लोक घरे सोडून बाहेर राहिले, घरांत धान्य राहिले, आणि त्यावर उंदीर पोसले. पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावात प्रथम उंदीर पडल्याच्या आणि पिसवा फार झाल्याच्या तक्रारी आल्या, व मागोमाग माणसांत गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले; त्याच सुमारास सुरतेत घबराट उडाली. मामल्याच्या गावकऱ्यांची तक्रार आणि १९०३ मध्ये व्हरांड्यात निजायला आलेल्या चाळकऱ्यांची तक्रार यांत नव्वद वर्षांचे अंतर आहे. शब्द मात्र जवळजवळ तेच. ही तक्रार ऐकणारा माणूस तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर बसलेला असतो, आणि त्याने ती ऐकली तर रोगाच्या आधी पोहोचण्यास त्याला दहा-बारा दिवस मिळतात.

या स्मरणिकेच्या वाचकांस म्हणून एवढीच विनंती आहे. घरात, गोठ्यात किंवा गोदामात काही कारण नसता एकामागून एक उंदीर मरून पडलेले दिसले, तर ते हाताने उचलून उकिरड्यावर टाकू नयेत. मुलांना व गुरांना तेथून दूर ठेवावे, आणि त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात वर्दी द्यावी.